पायांना अहो म्हणणारे काका

त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाय राहत. दूधवाल्याला ते कायम 'अंगठा' म्हणायचे, कारण त्याच्या डाव्या पायाचा अंगठा बाकीच्या बोटांशी भांडण झाल्यासारखा लांब उभा असायचा. समोरच्या बंगल्यातले फौजदार म्हणजे 'सपाट'. फौजदार कधी गणवेशात भेटले आणि त्यांनी रामराम घातला, तर काका गोंधळून त्यांच्या बुटांकडे बघत राहायचे. बुटांत ओळख पटायची कशी? मी मात्र चपला घालत असल्यामुळे मला ते लांबूनही ओळखायचे. माझं नाव 'भेगा' होतं.

नाशिकला बदली झाली तेव्हा मी जागा शोधत होते. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला, जिथे बंगले संपून द्राक्षांचे मळे सुरू होतात तिथे एका घराचा खालचा मजला रिकामा असल्याचं कळलं. बेल वाजवली. एक उंच, वाळके गृहस्थ बाहेर आले. पांढरा लेंगा, बंडी आणि पायांत करड्या रंगाचे लोकरीचे मोजे. एप्रिल चालू होता.

"टाचा दाखव," ते म्हणाले.

"काय?"

"वळ. टाचा बघू दे."

मी का वळले ते मला अजून कळलेलं नाही. एरवी असलं काही कुणी बोललं असतं तर मी दोन शब्द सुनावून निघून आले असते.

"भेगा आहेत. म्हणजे घरात अनवाणी फिरतेस. खालची फरशी थंडीत बर्फ होते. चालत असेल तर राहा." एवढं बोलून ते आत गेले. बाकीचं सगळं त्यांच्या मुलीने पुण्याहून फोनवर ठरवलं. फोन ठेवताना ती म्हणाली, "बाबा जरा वेगळे आहेत. पण त्रास नाही त्यांचा." तिचं दोन्ही बाबतींत खरं होतं.

काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. दाब दाखवणारी घड्याळं तपासायचं त्यांचं काम होतं; तेलाचा दाब, हवेचा दाब, काय काय. "विमानाचा असो की माणसाचा, काटा खोटं बोलत नाही, वाचणारा बोलतो," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की पुढे पुढे मी त्यांच्याआधीच ते पुरं करून टाकायची. आकाशातून विमान गेलं की ते हातातलं काम तसंच ठेवून, वर न बघता, नुसत्या आवाजावरून कुठलं ते सांगायचे. बरोबर सांगायचे की नाही, देव जाणे. आमच्यापैकी कुणालाच त्यातलं काही कळत नव्हतं.

दिवेलागणीला त्यांच्या पोर्चमध्ये माणसं जमायची. बागेतल्या नळावर पाय धुऊन, ओल्या पावलांनी रांगेत बसायची. वेताची एक आरामखुर्ची, तिच्यासमोर लाकडी पाट, पाटावर काका. शेजारी साजूक तुपाचा डबा, बीपीचं मशीन आणि काशाची वाटी. खुर्चीत बसलेल्याचं बीपी ते आधी मोजत. रबरी फुगा दाबायचा, काटा बघायचा, हं म्हणायचं. मग पायाला तूप लावून वाटीच्या बुडाने तळवा घासायला सुरुवात. नंतर पुन्हा बीपी मोजा म्हटलं तर मोजायचे नाहीत.

"उतरलं असलं तर उत्तमच. नसलं उतरलं तर चांगली लागलेली झोप कशाला मोडायची?"

मला बीपी नव्हतं, नुसती चिडचिड होती. काका म्हणाले, तीही चालेल.

पहिल्या दिवशी मी पाय मागे ओढून घेतले होते. वडिलांच्या वयाचा माणूस माझे पाय धरणार, हे मला झेपेना. "काका, पाप लागेल मला," मी म्हटलं.

"तू गप्प बस. मी तुझ्याशी बोलत नाहीये." आणि माझ्या पायांकडे वाकून ते अत्यंत आदराने म्हणाले, "या. बसा. फार दमलात."

माणसाला अरे-तुरे आणि त्याच्या पायांना अहो-जाहो, ही त्यांची रीत. "डावे आधी या. उजवे, आपण जरा थांबा. असं रागावू नका." फौजदारांसारखा आडदांड माणूस, पण काका त्यांच्या पायांची विचारपूस करायला लागले की ते लाजून छताकडे बघायचे. उठताना प्रत्येक जण त्यांच्या पाया पडायला वाकायचा. एवढी सेवा घेतल्यावर कुणालाही ते करावंसंच वाटणार. पण काका चटका बसल्यासारखे मागे सरायचे. त्यांचे मोजे घातलेले पाय लेंग्यात दडायचे. आपल्या पायांना ते कुणाला हात लावू देत नसत.

वाटी फिरायला लागली की काय व्हायचं, ते सांगणं अवघड आहे. आधी तळव्याला थोडं गार लागायचं, मग ऊब. टाचेपासून बोटांपर्यंत ती गोल गोल जात राहायची. समोरच्या मळ्यातून ओल्या मातीचा वास यायचा. कुणीतरी बोलत असायचं, आणि त्याचे शब्द हळूहळू अर्थ सोडून नुसते आवाज व्हायचे. मध्येच काका वाटी फरशीवर ठेवायचे, तेव्हा तिचा एक लांबट नाद निघायचा आणि तो विरेपर्यंत आपण आणखी एक पायरी खाली उतरलेलो असायचो. मी कित्येकदा लहानपणीच्या आमच्या घरात जाऊन आले. तिथे सगळी माणसं होती, कुणी काही विचारत नव्हतं, आणि चुलीवर काहीतरी शिजत होतं. फौजदार एकदा खुर्चीत स्पष्टपणे म्हणाले, "आई, मी नाही जाणार शाळेत." आम्ही कुणी हसलो नाही. त्या पोर्चमध्ये हसू यायचं नाही.

जाग आली की काका एकच प्रश्न विचारायचे.

"काय दिसलं?"

अगदी मन लावून ऐकायचे. चुलीवर काय शिजत होतं? दार कुठल्या बाजूला होतं? आठवत नाही म्हटलं तर खट्टू व्हायचे. मला वाटायचं, असेल म्हाताऱ्याचा छंद. मग एकदा मी विचारलं, "आणि तुम्हाला काय दिसतं काका?"

"मला झोपच नाही," ते तूप पुसत म्हणाले. "ती गेल्यापासून."

वाटी काकूंच्या माहेरची होती, वणीची. काका कामावरून घरी आले की काकू त्यांचे पाय घासायच्या. त्या गेल्यावर काकांनी पायांत मोजे चढवले आणि वाटी घेऊन लोकांच्या पायांशी बसले. वरच्या मजल्यावरून रात्री त्यांच्या फेऱ्यांचा मऊ आवाज यायचा. तो मोज्यांमुळे मऊ असायचा हे मला तेव्हा उमगलं. "आपले पाय आपल्या हाताने घासून झोप येत नाही," ते म्हणाले. "करून बघितलं मी."

दुसऱ्या वर्षी मी आईला घेऊन आले. ती देवळ्याजवळच्या गावी एकटी राहायची. बीपी वाढलेलं, आणि कांद्याच्या दिवसांत गोळ्यांकडे लक्ष द्यायला तिला फुरसत नसायची. इथे राहील, वेळेवर गोळी घेईल, आराम करेल, असा माझा बेत. आईला काकांचा प्रकार कळला तेव्हा तिने पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला.

"परक्या गड्याच्या हातात पाय देऊ? काई काय बोलती?"

काकांनी ते पोर्चमधून ऐकलं. "परका कसा?" ते ओरडले. "वणीचा जावई आहे मी! देवळा आणि वणी काय लांब आहे? तुम्ही माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीसारख्या. म्हणजे अक्कडसासूच झालात माझ्या."

आई आतल्या आत हसली. नात्यात बसवून दिलं की तिला काहीही चालतं. त्या दिवसापासून काका तिचे 'पाव्हणं' झाले, आणि संध्याकाळी खुर्चीचा पहिला मान तिचा झाला.

झोपेत आई अहिराणी बोलायची. जागेपणी नाशिकच्या लोकांसमोर ती ते टाळत असे. "पाटले पानी उनं," ती पुटपुटायची, "पाटले पानी उनं." जाग आल्यावर काकांनी विचारलं, काय दिसलं?

"पाट भरून वाहत व्हता. मी कांद्याला पाणी देत व्हते. तुमचे साडूभाऊ बांधावर बसेल व्हते."

साडूभाऊ म्हणजे माझे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकांनी विचारलं, "काही बोलले?"

"नाय. बिडी वढत व्हते." आणि आईचा चेहरा इतका शांत होता की मला वाटलं, बरं झालं मी हिला इथे आणलं.

आता त्या काळ्या रंगाबद्दल सांगायला हवं. तूप लावून काशाची वाटी घासली की तळपाय काळे होतात. आमच्याकडे सगळे म्हणतात, ती अंगातली उष्णता बाहेर पडते. मशीनवरचे आकडे आईला समजत नसत, पण हे तिला डोळ्यांनी दिसायचं. रोज ती दिव्याखाली पाय धरून बघायची. "बग, केवढी निघाली आज." काका काही म्हणायचे नाहीत. गोळी हा डॉक्टरांचा विषय, पाय माझा, एवढंच त्यांचं धोरण.

आणि एका संध्याकाळी आईचे तळवे गोरेच्या गोरे राहिले. तुपाने चकचकत होते, पण काळं नावालाही नव्हतं. तिने दोन्ही पाय उलटसुलट करून बघितले.

"संपली!" ती म्हणाली. "पाव्हणं, संपली माझी उष्णता!"

काकांनी तोंड उघडलं, मग मिटलं. "छान," ते म्हणाले, आणि तुपाचं झाकण लावत बसले. फार वेळ लागला त्यांना ते लावायला.

दुसऱ्या दिवशीही तळवे स्वच्छ. आईने आनंदाने शिरा केला आणि वर काकांना नेऊन दिला. त्यांनी अर्धा खाल्ला, अर्धा परत पाठवला. त्या दिवसांत वाटी फरशीवर ठेवल्यावर नेहमीचा नाद येत नसे, असं मला अर्धवट झोपेत वाटून गेलं होतं. पण झोपेत वाटलेल्याचा हिशेब कोण ठेवतो.

आठवडाही झाला नसेल. सकाळी आई बागेतल्या नळावर गेली आणि तिथेच पायरीवर बसली. डोकं मागून फुटतंय, म्हणाली. डोळ्यांपुढे अंधारी. नाकातून रक्त यायला लागलं. फौजदारांनी गाडी काढली. काका तसेच मोज्यांनिशी, चपला न घालता मागच्या सीटवर येऊन बसले आणि आईचे पाय मांडीवर घेऊन नुसते धरून राहिले.

दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, काचेमागे नेलं, पुष्कळ वेळाने बाहेर आले. थोडक्यात निभावलं होतं. "गोळ्या चालू होत्या ना?" त्यांनी आईला विचारलं.

"सोडल्या," आई खोल गेलेल्या आवाजात म्हणाली. "उष्णताच सरली तं गोळी कशाला?"

"कसली उष्णता?"

मी काकांकडे वळले. ते भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी बंडीच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत वाटी होती. काठापासून बुडापर्यंत तडा गेलेला. त्यांनी नखाने टिचकी मारली. खड् असा आवाज झाला आणि तिथेच मेला.

"हातातून निसटली," ते म्हणाले. "काशाला पडलेलं सोसत नाही. तडा गेला की पायाला कापतं. म्हणून मी घरातली स्टीलची वाटी घेतली. स्टीलने काळं होत नाही."

"मग सांगायचं ना!" मी ओरडले. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली, तरी मी ओरडतच होते. "आई तुमच्यासमोर संपली, संपली म्हणत होती, तेव्हा सांगायचं ना काका! एक वाक्य होतं!"

"हो," ते म्हणाले. "पण सांगायचं म्हणजे फुटली असं म्हणावं लागलं असतं."

माझा राग गेला नाही. पण त्याला पुढे जायला वाट राहिली नाही.

डॉक्टर तरुण होते, शहाणे होते. त्यांनी ना काकांना झापलं, ना वाटीला हसले. काळं होतं ते धातूचं आणि तुपाचं, अंगातलं नव्हे, एवढं समजावलं. पाय चोळल्याने माणूस निवांत होतो, झोप लागते, थोडाफार फायदा होतही असेल. खुशाल करा, पण गोळीच्या जोडीला, गोळीच्या ऐवजी नाही. बोलता बोलता त्यांनी काकांकडे नीट बघितलं. "तुम्ही बसा बरं इथे," म्हणून त्यांनी काकांच्याच दंडाला पट्टा बांधला. फुगा दाबला. पुन्हा दाबला.

"किती?" काकांनी विचारलं.

डॉक्टरांनी मशीन त्यांच्याकडे वळवलं. काकांनी चष्मा लावला आणि वाचलं. सगळ्या कॉलनीचं बीपी मोजणाऱ्या या माणसाने स्वतःचं कधीच मोजलेलं नव्हतं. काटा खोटं बोलत नाही, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं. मी ते पुरं केलं नाही, त्यांनीही नाही.

त्यानंतर पोर्च बंद झाला. आरामखुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. अंधार पडायच्या सुमाराला माणसं सवयीने फाटकापर्यंत यायची आणि परत जायची. फौजदार तर दोनदा पाय धुऊन आले होते. आई घरी आली, वेळेवर गोळ्या घ्यायला लागली, पण संध्याकाळ झाली की तिची चुळबुळ सुरू व्हायची. वरच्या फेऱ्या आता दिवसाही ऐकू यायच्या.

"त्यो माणूस मरल असा," आई एकदा म्हणाली. "पुतणी असती तं रागावून खाली आणला असता त्याला. तू नुसती भाडेकरीण!"

मग तिने मला भांडीबाजारात नेलं. चार दुकानं फिरली. प्रत्येक वाटी तळहातावर तोलायची, नखाने वाजवायची आणि कान लावून बसायची. दुकानदार कंटाळले, मी कंटाळले. शेवटी एका वाटीचा नाद संपेपर्यंत ती डोळे मिटून उभी राहिली. "ही," म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने खुर्ची सरळ केली आणि जिन्याखाली उभी राहून हाक मारली. "पाव्हणं! खाली या!"

काका आले. नवीन वाटी बघून त्यांचा चेहरा कसनुसा झाला, पण गुपचूप पाटावर बसायला लागले. "ताई, आधी गोळी," ते म्हणाले. "गोळी घेतल्याशिवाय आता मी कुणाच्या पायाला हात लावणार नाही."

"माझी झाली घेऊन. तुमची?"

आईने हात पुढे केला. त्यांनी बराच वेळ खिसे चाचपले आणि गोळ्यांचं पाकीट काढलं. एकही गोळी काढलेली नव्हती. मी पाण्याचा पेला दिला. आईच्या नजरेसमोर त्यांनी गोळी गिळली.

"आता खुर्चीत बसा. मोजं काढा."

"ताई, ते नको."

"वणीचे जावई ना तुम्ही? आमच्याकडं जावयाचे पाय धुत्यात. लग्नात धुत्यात, धोंड्याच्या महिन्यात धुत्यात. अक्कडसासूला नाय म्हणायचं नसतं."

ते नातं त्यांनीच लावून दिलं होतं. आता त्यातून सुटका नव्हती. काका खुर्चीत बसले. मोजे मात्र त्यांना काढवेनात. ते आईने काढले.

ते पाय मी पहिल्यांदाच बघत होते. पांढरे, लहान मुलासारखे मऊ. घोट्यांवर मोज्यांच्या विणीचे वळ. आईने परातीत कोमट पाणी घेऊन ते धुतले, पदराने टिपले. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्या पायांकडे वाकून म्हटलं, "या. बसा. फार दमलात."

काकांनी डोळे मिटून घेतले.

वाटी फिरू लागली. टाचेकडून बोटांकडे, बोटांकडून टाचेकडे. मळ्याच्या कडेला कुणीतरी पाचोळा पेटवला होता, त्याचा धूर गवतावरून सरपटत येत होता. आईने वाटी फरशीवर ठेवली, नाद लांबत गेला आणि त्याच्यासोबत काकांचा जबडा हळूच खाली आला. मग ओझरच्या बाजूने एक विमान आलं. आम्ही दोघींनी त्यांच्याकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत. विमान डोक्यावरून गेलं, लांब गेलं, ऐकू येईनासं झालं, आणि काका घोरत होते.

आई थांबली नाही. अंधार झाला तरी ती घासतच होती. मी दिवा लावला तेव्हा तिने त्यांचे तळवे उजेडाकडे वळवून बघितले. काळे कुळकुळीत. डॉक्टरांनी सांगितलेलं तिला आठवत असणार, कारण ती बोलली काहीच नाही. नुसती मान डोलावली.

बऱ्याच वेळाने काकांना जाग आली. आपण कुठे आहोत हे त्यांना पटकन कळेना.

"काय दिसलं, पाव्हणं?" आईने विचारलं.

त्यांनी जिन्याकडे बघितलं.

"ती आली होती. वाटी मागत होती," ते म्हणाले. "मी सांगितलं, फुटली."

"मंग?"

"म्हणाली, बरं. झोपा आता."

पाय पुसायचं राहूनच गेलं. ते तसेच उठले आणि कठड्याला धरून अनवाणी वर गेले. सकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर काळसर तुपाची पावलं उमटलेली होती, आणि त्यांच्यामागून मुंग्यांची रांग वर निघाली होती.